दहावीचं विज्ञान: धडा घेऊन बंदरावर

दहावीचं विज्ञान दोन पेपरांत येतं. भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुण, दोन तास. प्रात्यक्षिकाचे २० गुण वेगळे. मी दापोलीकडचा. वाडीतल्या मुलांचा अभ्यास घेतो आणि मुलं अडतात ती बहुतेक एकाच जागी: ‘शास्त्रीय कारणे लिहा’. व्याख्या तोंडपाठ असते, कारण सुचत नाही.

म्हणून धडा घेऊन घराबाहेर पडा. प्राण्यांचं वर्गीकरण नकोसं वाटतं, कारण संघांची नावं जड. मी तो धडा हर्णै बंदरावर घेतो. टोपलीतली कोळंबी आणि कुर्ली संधिपाद, तिसऱ्या आणि माकूल मृदुकाय. माकुलाला शिंपला कुठे, असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा त्याच्या अंगातली पारदर्शक पट्टी काढून दाखवायची, तोच त्याचा उरलेला शिंपला. बांगड्याचा सांगाडा हाडांचा, मुशीचा कास्थीचा, तरी दोन्ही मासेच. तारामासा मात्र मासा नव्हे, तो कंटकचर्मी. अळी असताना द्विपार्श्व सममिती, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी; प्रौढ झाल्यावर पंच-अरीय, म्हणजे मध्याभोवती पाच सारखे भाग. जाळ्यात आलेला तारामासा हातात घेऊन बाहू मोजले, की हे विसरायला होत नाही. घरी आल्यावर तेच पुस्तकातल्या शब्दांत लिहून काढा. ही पायरी गाळू नका, पेपरात तेच शब्द लागतात.

उष्णतेच्या धड्याला आपला पावसाळा पुरतो. पडवीतले कपडे वाळत का नाहीत? हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते, सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांकडे गेलेली, म्हणून बाष्पीभवन मंदावतं. खाऱ्या हवेत होडीचं लोखंड लवकर का गंजतं आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा का टिकतो, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की क्षरणाचा भाग झालाच म्हणा.

भिंगांच्या गणितांना हा उपाय चालत नाही, तिथे वहीच भरावी लागते. आधी चिन्हसंकेत लिहा, मग आकडे घाला. शक्ती म्हणजे १ भागिले नाभीय अंतर, आणि ती काढताना ते अंतर मीटरमध्येच घ्या: बहिर्वक्र भिंगाचं ५० सेंटिमीटर म्हणजे ०.५ मीटर, शक्ती २ डायॉप्टर. सेंटिमीटर तसेच ठेवून ०.०२ लिहिणारी मुलं मला नेहमी भेटतात. रीत येत असताना गेलेल्या त्या गुणाचं फार वाईट वाटतं.

जानेवारी लागला की सराव प्रश्नपत्रिका सुरू करा, आणि त्या रात्री नव्हे, सकाळी अकराला, खऱ्या पेपराच्या वेळी सोडवा.