नानांचा तांब्या

“तहान लागली की पितो ना मी!” पाणी प्या म्हटलं की नानांचं हे उत्तर ठरलेलं. नाना म्हणजे माझे सासरे, वय ८१, राहायला ठाण्यात, नौपाडा. गेल्या मे महिन्यात मासुंदा तलावाला फेरी मारून आले आणि खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन दाराची चौकट धरून खालीच बसले. अंगात पाणी कमी पडलं होतं. तहान? अजिबात नव्हती म्हणे.

खोटं नव्हते बोलत. तहान घशाला लागते असं आपल्याला वाटतं, पण तिची घंटा मेंदूच्या तळाशी असलेल्या बदामाएवढ्या हायपोथॅलॅमसमध्ये वाजते. रक्त दाट झालं की तो पाणी मागतो. उतारवयात हीच घंटा उशिरा वाजते. १९८४ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी तरुण आणि ६७ ते ७५ वयाच्या धडधाकट पुरुषांना २४ तास पाणी दिलं नाही. म्हाताऱ्यांचं रक्त जास्त दाटलं, तरी तहान कमीच लागली. नंतर पाणीही ते कमीच प्याले.

म्हणून “पाणी हवंय का?” असं विचारायचंच नाही. उत्तर “नको” असंच येणार. सरळ भांडं हातात द्यायचं. मी सकाळी सातला तांब्या भरून ठेवते. पेपरबरोबर एक भांडं, गोळीबरोबर एक, जेवणाआधी एक, दुपारी कोकम सरबत. मालिका लागेपर्यंत तांब्या रिकामा व्हायला हवा. त्यानंतर घोटभरच, नाहीतर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या. लघवी गडद पिवळी दिसली तर हिशेब चुकला समजा. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, तर किती पाणी द्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

उठण्याचंही तसंच. उभं राहताना रक्तदाब सावरणारं मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूचा सगळ्यात खालचा भाग, शाळेत पाठ केलेला तोच, आणि त्याला खबर देणाऱ्या नसा वयानुसार मंदावतात. पलंगावर पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, पोटऱ्या हलवायच्या, मग उठायचं. आडवं असताना बीपी बघा, उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा. नानांचा उतरला होता, तेव्हा गोळी बदलली.

पहाटे चारला जाग येते त्यालाही हायपोथॅलॅमसमधलंच घड्याळ कारण. संध्याकाळी गॅलरीतल्या उजेडात बसवते, दुपारची झोप अर्ध्या तासावर तोडते. थोडा फरक पडलाय.

राहिला प्रश्न भर मे महिन्यात अंगात चढवलेल्या बिनबाह्यांच्या स्वेटरचा. उकाडाही त्यांना उशिराच कळतो. दुपारी ते झोपले की मी पंखा वाढवते आणि स्वेटर धुवायला टाकते.