परमिटिव्हिटीची गणितं चुकतायत? या चुका टाळा

बारावीच्या पोरांना सूत्र पाठ असतं, पण प्रश्न पूर्ण वाचायच्या आधीच आकडे टाकून मोकळे होतात, आणि हुशार पोरांचे मार्क असे गेले की खरंच जीवाला लागतं.

पहिला घोळ म्हणजे एप्सिलॉन (माध्यमाची परमिटिव्हिटी, म्हणजे ते विद्युत फील्डला किती प्रतिसाद देतं त्याचं माप) आणि के (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे ती परमिटिव्हिटी निर्वात जागेच्या किती पट आहे ते) एकच समजणं. के हा नुसता आकडा आहे, त्याला युनिट नसतं. माध्यमाची परमिटिव्हिटी विचारली तर के ला एप्सिलॉन नॉटने, म्हणजे निर्वात जागेच्या परमिटिव्हिटीने, ८.८५ गुणिले १० चा उणे १२ वा घात फॅरड प्रति मीटर याने गुणायचं. आणि कपॅसिटरच्या, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या समोरासमोरच्या दोन प्लेट्सच्या गणितात क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमधे दिलं असेल तर आधी चौरस मीटरमधे आणा, मधे हवा असताना १० चौरस सेंमीच्या प्लेट्स १ मिमी अंतरावर असल्या तर उत्तर जेमतेम ८.८५ पिकोफॅरड येतं.

सगळ्यात जास्त मार्क बॅटरीपायी जातात. समजा १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टला चार्ज केलाय आणि प्लेट्सच्या मधे पूर्ण जागा भरेल अशी के ४ ची पट्टी सरकवली. कपॅसिटन्स ४०० होणार, ते दोन्हीकडे सेम. पण बॅटरी जोडलेली असेल तर व्होल्टेज १२ च राहतं, चार्ज चौपट होतो आणि एनर्जी ७.२ वरून २८.८ नॅनोज्यूलवर जाते. बॅटरी आधीच काढली असेल तर चार्जला जायला वाटच नाही, तो १२०० पिकोकुलोंबच राहतो, व्होल्टेज ३ वर येतं आणि एनर्जी १.८ वर. मग ५.४ गेली कुठे? पट्टी आत ओढून घेण्याच्या कामात! म्हणून प्रश्न वाचला की आधी कडेला लिहा, क्यू (चार्ज) कायम की व्ही (व्होल्टेज) कायम, मगच पेन पुढे चालवा.

पट्टी प्लेट्समधल्या अंतरापेक्षा (डी) पातळ असेल, तिची जाडी टी धरा, तर सरळ के ने गुणू नका, तिथे डी च्या जागी डी वजा टी अधिक टी भागिले के येतं.

के जास्त म्हणजे इन्सुलेशन भारी, हाही गैरसमज. पाण्याचा के ८० च्या आसपास आहे, म्हणून ओल्या हाताने कोणी स्विच लावतं का? किती व्होल्टेज सोसेल ते डायइलेक्ट्रिक स्ट्रेंग्थ सांगते, हवेचा के जवळपास १ पण ती मिलिमीटरला साधारण ३ हजार व्होल्ट सोसते.

अपवर्तनांक के च्या वर्गमूळाइतका असतो, पण आता हेच ८० वापरून पाण्याचा अपवर्तनांक काढला तर वर्गमूळ ९ च्या आसपास येतं आणि खरा आहे १.३३, इथे पोरं गोंधळतात. ८० हा स्थिर किंवा कमी फ्रिक्वेन्सीच्या फील्डचा आकडा आहे, तेव्हा पाण्याचे रेणू फील्डबरोबर वळू शकतात. प्रकाशाचं फील्ड सेकंदाला शेकडो लाख कोटी वेळा उलटतं, तेवढ्यात रेणूला वळायला सवडच मिळत नाही, फक्त त्याचे इलेक्ट्रॉन हलतात, म्हणून तिथे के १.७७ च धरायचा.