गाडी चालताना घरघर आवाज येतो? या चुका टाळा

चाकाकडून किंवा बॉनेटखालून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येऊ लागला की बहुतेक जण काचा वर करून गाडी तशीच चालवत राहतात, नाही तर दिसेल त्या गॅरेजमध्ये शिरून ‘आवाज येतोय, बघा’ एवढेच सांगतात. दोन्हींत नुकसान मालकाचेच होते. आवाज केव्हा येतो, कशाने वाढतो आणि कशाने थांबतो, हे चालकाला जितके नेमके कळते तितके उभी गाडी पाहणाऱ्या मेकॅनिकला कळत नाही. म्हणून गॅरेज गाठण्यापूर्वी, ब्रेक व्यवस्थित लागत असल्याची खात्री करून, सकाळी वर्दळ नसताना सोलापूरच्या विजापूर रोडसारख्या रस्त्याच्या एखाद्या मोकळ्या, सरळ टप्प्यावर काचा खाली करून, एसी आणि गाणी बंद ठेवून आवाज नीट ऐकावा.

ब्रेकचा इशारा पुढे ढकलणे

ब्रेक दाबताच आवाज येत असेल किंवा वाढत असेल, तर संशय आधी ब्रेक पॅडवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला (डिस्कला) दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांवर घ्यावा. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो आणि तो 3 मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलणे योग्य ठरते. अनेक पॅडना एक छोटी पत्री बसवलेली असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकून किंचाळल्यासारखा बारीक आवाज करते. हा इशारा कानाआड केला की थर पूर्ण झिजतो, पॅडची लोखंडी पाटी थेट डिस्कवर घासते आणि बारीक आवाजाच्या जागी करकर सुरू होते. मग केवळ पॅड बदलून भागत नाही, डिस्कवरही खर्च करावा लागतो. डिस्क लेथवर घासून घेता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ होत असेल तर नवीच घ्यावी, कारण पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकू शकते.

तुळजापूरहून परतताना घाट उतरणाऱ्यांनी याची विशेष काळजी घ्यावी. उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरण्याऐवजी सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात आधीच तापलेले ब्रेक आणखी तापतात आणि ऐन वळणावर त्यांची पकड कमी होते.

एकाच चाकाचा पॅड जास्त झिजला असेल, तर तो बदलून मोकळे होणे ही मोठी चूक आहे. अशा वेळी कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना धुळीने किंवा गंजाने जाम झालेल्या असतात, अथवा पिस्टन मागे सरकत नसतो. मूळ दोष काढला नाही तर नवा पॅडही त्याच वेगाने झिजतो. पॅड नेहमी डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकत्रच बदलावेत. पिनांना उच्च तापमान सोसणारे, ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. आवाज थांबावा म्हणून डिस्कवर किंवा पॅडवर तेल वा स्प्रे मारणे हे तर थेट जिवाशी खेळणे आहे. पॅड बदलल्यावर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबून घ्यावे, नाही तर पहिल्या वेळी पेडल खोल जाते आणि गाडी थांबत नाही.

ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली दिसताच वरून ऑइल ओतण्याचीही घाई नको. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. नवे पॅड बसवताना ती पुन्हा वर येते आणि जास्तीचे ऑइल सांडून गाडीचा रंग खराब करते. पातळी एकदम खाली गेली असेल तर मात्र ती गळतीची शंका असते आणि गाडी लगेच दाखवावी.

प्रत्येक घरघर ब्रेकचीच समजणे

ब्रेक न दाबताही वेगाबरोबर घरघर वाढत असेल, तर व्हील बेअरिंगचा, म्हणजे चाक सहज फिरू देणाऱ्या भागाचा, विचार करावा. मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हलकेच उजवीकडे नेल्यावर आवाज वाढला, तर भार डाव्या बाजूवर आल्याने बहुधा डावीकडचे बेअरिंग गेलेले असते. डावीकडे नेल्यावर वाढला तर उजवीकडचे. येथे टायर मात्र फसवतात. वेडेवाकडे झिजलेले टायरही अगदी असेच घोंगावतात, पण डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर आल्यावर त्यांचा आवाज बदलतो. बेअरिंगचा सहसा बदलत नाही.

पूर्ण स्टेअरिंग वळवून गाडी पुढे घेताना कट-कट येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, जॉइंट तपासावा आणि त्यावरचे रबरी आवरण (बूट) फाटले आहे का, हे आधी पाहावे. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचा क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. क्लच दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंगचा.

साध्या कारणांकडे दुर्लक्ष करणे

मुरमाच्या किंवा खडी टाकलेल्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश घासल्याचा आवाज सुरू झाला, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. तो काढला किंवा वाकलेला पत्रा सरळ केला की काम होते. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर चढलेला गंज चार-दोन ब्रेकांत निघून जातो. शेतरस्त्याने आलेल्या गाडीच्या रिमच्या आत काळी माती वाळून बसते आणि त्याने चाक थरथरते. ती आधी धुऊन काढावी, मगच बाकीची तपासणी करावी. कोणतेही चाक पाहताना केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये.

ब्रेकचा लाल दिवा लागला असेल, पेडल खोल जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा एखादे चाक हात जवळ नेताच पोळण्याइतके तापलेले जाणवत असेल, तर गॅरेज अगदी जवळ असले तरी गाडी चालवत नेऊ नये. टोइंगची गाडी बोलवावी. दुरुस्तीनंतर बदललेले जुने भाग मागून घ्यावेत आणि पैसे देण्यापूर्वी मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी पुन्हा चालवून पाहावी.