नोकरी सांभाळून जपानी शिकताय? मग आधी टार्गेट नीट ठरवा

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची काही कमी नाही, रानडे इन्स्टिट्यूटमधे आहेत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आहेत, गल्लोगल्ली क्लासेस आहेत आणि ऑनलाइनचं तर विचारूच नका. त्यातले बरेच नोकरीवाले, हिंजवडीचे नाहीतर चाकणचे, आणि पहिल्या दिवशी विचारलं की टार्गेट काय तर उत्तर ठरलेलं असतं, "वर्षभरात एन३ मारायची आणि बायलिंग्वल जॉब पकडायचा". एन३ म्हणजे जेएलपीटी ह्या जपानी भाषेच्या परीक्षेची मधली लेव्हल, एन५ सगळ्यात सोपी आणि एन१ सगळ्यात अवघड, आणि बायलिंग्वल जॉब म्हणजे जपानी येणाऱ्यांसाठीची नोकरी. ऐकायला भारी वाटतं पण ह्यात परीक्षा, भाषा आणि नोकरी अशी तीन वेगळी टार्गेटं एकातच कोंबलीत, आणि हातात तास किती आहेत ते कोणी बघितलेलंच नाहीये.

म्हणून सुरुवात तासांपासून करायची, लेव्हलपासून नाही. एक आठवडा काहीच बदलू नका, फक्त मोबाईलमधे लिहून ठेवा की वेळ कुठे गेला. ऑफिस, ट्रॅफिक, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, आईला डॉक्टरकडे नेणं, आणि हो, रील्स पण लिहा, लाजू नका. मग जे खरंच मोकळे तास उरतात तेवढेच धरा. बहुतेक नोकरीवाल्यांचं उत्तर पाचच्या आसपास येतं, दोन तासांचा वीकेंडचा क्लास धरून. बसमधे हेडफोन लावून ऐकलेलं मी अर्धंच धरते, कारण अर्धा वेळ आपण खिडकीबाहेरच बघत असतो.

आता दुसरी बाजू. २०१० च्या आधी जेएलपीटीच्या चारच लेव्हल होत्या आणि तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांनीच अंदाजे तास दिलेले होते, सगळ्यात खालच्या लेव्हलला १५०, तिच्या वरच्या ३००, मग ६०० आणि शेवटची ९००. आताच्या एन५ आणि एन४ म्हणजे साधारण त्या खालच्या दोन, आणि एन३ ही नंतर मधे घातलेली, म्हणजे ३०० आणि ६०० च्या मधे कुठेतरी. आपल्याला थोडी सूट मिळते कारण वाक्यरचना मराठीसारखीच आहे, क्रियापद शेवटी, आणि विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाच्या मागे, त्यामुळे व्याकरण पटकन डोक्यात बसतं. पण कांजीला, म्हणजे चिनीवरून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांना, सूट नाही. एन५ ला शंभरेक, एन४ ला तीनशेच्या आसपास, आणि रोजच्या वापरासाठीची सरकारी यादी २,१३६ ची आहे. ती घोकावीच लागते, तिथे मराठी काही कामाला येत नाही.

आता हिशोब करा. जानेवारीत सुरू केलं, आठवड्याला ५ तास, जुलैच्या परीक्षेपर्यंत २६ आठवडे, झाले १३०. त्यातले पाव सरळ कापा. मार्चएन्ड आहे, लगीनसराई आहे, मे महिन्यात पोरांना सुट्ट्या आणि घरी पाहुणे. उरले शंभरच्या आत. म्हणजे जुलैला एन५ सुद्धा ओढाताणीची आहे आणि डिसेंबरला एन५ आरामात होते (४८ आठवडे, २४०, पाव कापून १८०). आणि आपण काय म्हणत होतो, वर्षात एन३! ज्याला रोज तीन तास खरंच मिळतात त्याने जरूर म्हणावं, बाकीच्यांनी क्लासची जाहिरात बघून म्हणू नये.

पाव कापा म्हटलं की लोकांना राग येतो, मी निगेटिव्ह बोलते म्हणतात. पण १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की कधी संपेल, त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवस होता, आणि सगळंच बिघडलं तर किती विचारल्यावर ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे आपला वाईटातला वाईट अंदाज सुद्धा आशावादीच असतो, त्यामुळे पाव म्हणजे मी कमीच सांगतेय.

डिसेंबरवाल्यांनी अजून एक बघा. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि त्याच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं ओळीने. हे आधीच कॅलेंडरवर काट मारून ठेवा. गणपतीत अभ्यास करीन असं कागदावर लिहायचं आणि मग मोदक वळताना अपराधी वाटून घ्यायचं ह्याला काही अर्थ नाही. त्या दहा दिवसांचं टार्गेट वेगळं ठेवा, रोज दहा मिनिटं जुन्या कांजी उजळायच्या, नवीन काही नाही. आणि बुडालेल्या दिवसाचं काय करायचं ते पण आधीच ठरवा, "शनिवारचा क्लास बुडाला तर रविवारी सकाळी चहानंतर एक तास", असं जागा आणि वेळेसकट. नुसतं "नंतर भरून काढीन" म्हटलं की ते भरत नाही.

आता नोकरीचं टार्गेट, ते वेगळ्या कागदावर. जेएलपीटीत सगळे प्रश्न पर्यायांचे असतात, बोलण्याची परीक्षाच नाही आणि लिहिण्याची पण नाही. म्हणून एन३ पास झालेला माणूस क्लायंटच्या कॉलवर गप्प बसलेला दिसतो, त्यात त्याची चूक नाही, त्याने टार्गेटच परीक्षेचं ठेवलं होतं. बायलिंग्वल पोस्टला बहुतेक ठिकाणी एन३ किंवा एन२ मागतात, म्हणजे ते दोन-तीन वर्षांचं काम आहे हे मान्य करा आणि ह्या वर्षीचं त्यातलं छोटं काहीतरी घ्या. अप्रेझलच्या फॉर्ममधे "जपानी शिकणार" असं मोघम लिहू नका, "सप्टेंबरपर्यंत जपानी टीमच्या कॉलमधे स्वतःची ओळख आणि कामाचं स्टेटस जपानीत सांगणार" असं लिहा, मॅनेजरला पण कळतं झालं की नाही. प्रमोशन मात्र टार्गेटमधे घालू नका, ते तुमच्या हातात नाहीये. फीचे पैसे कंपनी देते का तेवढं एचआरला आधीच विचारून ठेवा, पास झाल्यावर विचारलं तर नियम निघतात.

ज्यांना जपानला जाऊनच स्पेसिफाइड स्किल्ड वर्करच्या (ठरावीक कामांच्या कुशल कामगारांसाठीच्या) व्हिसावर काम करायचंय त्यांचं गणित वेगळं, तिथे बहुतेक कामांना भाषेसाठी एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी जपानीची परीक्षा चालते, वर त्या कामाची कौशल्य परीक्षा. त्यांनी एन३ च्या मागे वर्ष घालवण्याआधी हे बघावं.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. एन४ ला १८० पैकी ९० लागतात पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९ हवेतच, एकूण भरपूर असले आणि तिथे १८ पडले तरी नापास. आठवड्याच्या प्लॅनमधे पण असंच किमान ठेवा. झोप सहा तासांच्या खाली गेली किंवा घरच्यांबरोबर एकही जेवण झालं नाही तर तो आठवडा नापास, मग कांजी कितीही झालेल्या असोत. आणि हे किमान एकट्याने ठरवू नका, नवऱ्याला, बायकोला, सासूबाईंना विचारून ठरवा, कारण रविवारची सकाळ तुम्ही घेणार म्हणजे पोरांना कोणीतरी दुसरं सांभाळणार.

फॉर्म परीक्षेच्या कितीतरी आधी भरावा लागतो, म्हणून लेव्हलचा निर्णय त्या आठवड्यात घ्या, आधी नाही. जेएलपीटीच्या साइटवर नमुना प्रश्न फुकट आहेत, घड्याळ लावून सोडवा, ऐकण्याच्या भागासकट. तेव्हा निम्मे सुद्धा येत नसतील तर एक लेव्हल खाली भरा किंवा पुढची तारीख घ्या, वर्षातून दोनदा असते. क्लासमधले बाकीचे वरची भरतायत म्हणून आपण पण भरली असं करू नका, फी तुमची जाते.