विंडोज, मॅक, लिनक्स : व्हायरसच्या बाबतीत या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा कॉम्प्युटर माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. टॅलीतला हिशोबाचा सगळा डेटा लॉक, प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट आणि स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी. मालक वैतागून म्हणाले, "आता मॅकच घेतो, त्याला व्हायरस लागत नाही म्हणे."

ही पहिली चूक. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसनं सुमारे सहा लाख मॅक पकडले होते, तेही जावा या सॉफ्टवेअरमधल्या एका भगदाडातून. त्याची दुरुस्ती आधीच निघाली होती, पण मॅकवाल्यांपर्यंत ती उशिरा पोचली. आता मॅकवर जास्त भीती पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमची. फुकटच्या क्रॅक (लायसन्स तोडलेल्या) सॉफ्टवेअरसोबत ते येतात आणि आपल्याकडूनच पासवर्ड टाकून घेतात. मॅक एखादं अॅप उघडू देत नसेल, तर सेटिंगमध्ये जाऊन 'तरीही उघडा' दाबू नका. एखादी वेबसाइट 'ही ओळ टर्मिनलमध्ये (कॉम्प्युटरला थेट लिखित हुकूम द्यायच्या खिडकीत) पेस्ट करा' म्हणाली, तर ती साइटच बंद करा.

विंडोजवर धोका जास्त आहे, हे खरंच. वापरणारे जास्त, म्हणून चोरांचं लक्षही तिकडेच. पण २०१७ च्या मे महिन्यात फाइल्स लॉक करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसनं जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो घेतला नाही, ते सापडले. टॉवेलवाल्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं, ज्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. त्यात कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक चालावा म्हणून कुणीतरी अँटीव्हायरस बंद करून ठेवलेला. डीटीपीवाल्यांनो, हे कळकळीनं सांगतो: जो क्रॅक अँटीव्हायरस बंद करायला लावतो, तो आत शिरू देऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले, तर घाबरून फॉरमॅट मारू नका. फाइल्स बहुतेक वेळा लपवलेल्या असतात, गेलेल्या नसतात. त्या शॉर्टकटवर क्लिक न करता आधी ड्राइव्ह स्कॅन करा. मग 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' सुरू करा. तरी दिसल्या नाहीत, तर फोल्डर ऑप्शन्समध्ये सिस्टम फाइल्स लपवण्याची टिकही काढा.

लिनक्सवाले निर्धास्त असतात. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची वेबसाइटच हॅक झाली आणि तिथून काही काळ चोरदरवाजा असलेली इन्स्टॉलची फाइल लोकांच्या हाती पडत होती. डाउनलोड केल्यावर चेकसम (फाइल बदललेली नाही ना, हे तपासायचा कोड) जुळवून बघा आणि नेटवर सापडलेल्या ओळीला 'सुडो' (पूर्ण अधिकार देणारा शब्द) लावण्याआधी ती वाचा.

फाइल्स लॉक होताना दिसल्या, तर आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. खंडणी भरू नका, पैसे देऊनही फाइल्स सुटतीलच असं नाही. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

टॉवेलवाल्यांकडे बॅकअप होता. पण ती डिस्क कायम कॉम्प्युटरलाच जोडलेली, त्यामुळे तीही लॉक झाली. त्यांच्या दिवाणजींनी छापील बिलांवरून वर्षभराच्या नोंदी पुन्हा भरल्या. आता दोन डिस्क आहेत, आणि बॅकअप झाला की दोन्ही काढून कपाटात जातात.