इंदुरात राहून पूर्वजांसारखं खाणं-चालणं

शेती येण्याआधीच्या माणसांसारखं खायचं-चालायचं असेल तर सुरुवात ताटापासून करू नका, पायांपासून करा. सकाळी पोहे-जिलबीच्या आधी तासभर चालून या. पूर्वजांना अन्न चालल्याशिवाय मिळतच नव्हतं आणि ही सवय अंगी आली की खाण्यातले बदल निम्मे सोपे होतात, असं माझं ठाम मत आहे.

शेती सुरू होऊन जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. त्याआधी लाखो वर्षं माणूस शिकार करून, कंद उकरून, मध काढून जगला. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी भोपाळजवळची भीमबेटकाची प्राचीन गुहाचित्रं उजेडात आणली. एकदा मुलांना घेऊन जा आणि तिथल्या भिंतींवरची शिकारीची चित्रं दाखवा.

या राहणीचं नाव काढलं की लोकांना आधी मटण आठवतं. टांझानियातल्या हाद्झा जमातीतली काही कुटुंबं आजही शिकारीवर आणि रानातल्या अन्नावर जगतात. त्यांच्या खाण्यात मांस असतं, पण कंद, रानफळं, मध आणि गोरखचिंचही (बाओबाबचं फळ) भरपूर असते. हीच गोरखचिंच मांडूला रस्त्याकडेला मिळते, तिथे तिला खुरासानी इमली म्हणतात. आंबट गर नुसता चोखा किंवा पाण्यात कोळून प्या, साखर न घालता.

घरात काय बदलायचं? साखर, मैदा, शेव आणि पाकिटातलं सगळं आधी बाहेर काढा. ही राहणी कडकपणे पाळणारे लोक धान्य, डाळी, दूध सगळंच सोडतात. शाकाहारी घरात ते मला मुळीच योग्य वाटत नाही, कारण डाळ आणि दही गेलं तर प्रथिनं आणायची कुठून? एका जेवणात पोळीऐवजी कंद घ्या, दुसऱ्या जेवणात भाकरी राहू द्या. खाणाऱ्यांनी अंडी, मासे, झाबुआकडचा काळा कोंबडा कडकनाथ जरूर घ्यावा.

कंदांत आपलं नशीब थोर आहे. हिवाळ्यात सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू हा कंद तळतात, तोच घरी असा करा. हाताला तेल चोळून साल काढा, नाहीतर खाज सुटते. अंगठ्याएवढे जाड तुकडे कुकरमध्ये एक शिट्टी वाफवा. सुरी सहज जाईल पण तुकडा मोडणार नाही, इतपतच शिजू द्या. मग बिडाच्या तव्यावर थोडं तूप सोडून मंद आचेवर सगळ्या बाजूंनी तांबूस करा. कड कुरकुरीत, आत लोण्यासारखा. वरून जिरावन (इंदुरी मसाला) आणि लिंबू. सोबत मुळा, आवळा, मूठभर शेंगदाणे. जेवण झालं! रताळं निखाऱ्यावर भाजा, शिंगाडे उकडा. पावसाळ्यात मंडईत घोळीची जुडी दिसली तर सोडू नका. या भाजीत ओमेगा-३ चांगलं असतं, लसणाच्या फोडणीत पाच मिनिटांत होते.

आता हालचाल. हाद्झा माणसं रोज दोन तासांहून जास्त वेळ अशी हालचाल करतात की श्वास वाढावा. गंमत म्हणजे तीही दिवसाचे नऊ-दहा तास बसूनच असतात. फरक बसण्यात आहे: बराचसा वेळ उकिडवं किंवा गुडघ्यांवर, म्हणजे पायांचे स्नायू कामात राहतात. म्हणून भाजी निवडताना, मोबाइल बघताना खुर्ची सोडा आणि उकिडवे बसा. सुरुवातीला टाचा टेकत नाहीत. तेव्हा टाचांखाली घडी घातलेली सतरंजी ठेवा, भिंतीला पाठ लावा, मिनिटभर बसून उठा. गुडघे दुखत असतील तर हे नको, पाटावर बसा. मंडईतून भाजी दोन्ही हातांत तोलून पायी आणा. रविवारी रालामंडलची टेकडी चढा. वर होळकरांचं शिकारगाह, म्हणजे शिकारीसाठीचं घर, आहे. वाटेत मध्येच थोडं पळा, पुन्हा चाला. आमच्या लोकमान्य नगरातल्या बायकांना मी हेच सांगते: जिमची फी भरण्याआधी ही चढण करून बघा.

रात्रीचं जेवण दिवेलागणीला उरकायचा प्रयत्न करा. इंदुरात हे सगळ्यांत अवघड, कारण सराफा भरतोच रात्री. पाहुणे आले की जा, एरवी नको.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. जेवण बदललं आणि गोळी तीच राहिली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मांस आणि अंडी वाढवणंही त्यांच्याच सल्ल्याने.