गाडीतला आणि कपड्यांतला पेट्रोल-डिझेलचा वास कसा घालवायचा

सांडलंय ते पेट्रोल की डिझेल, हे आधी ठरवा, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे. पेट्रोल उडून जाणारं असतं, त्याला मोकळी हवा लागते. डिझेल जड आणि तेलकट असतं. ते आठवडाभर उन्हात ठेवलं तरी धाग्यांना चिकटून राहतं, त्याला साबणच लागतो. गाडीत ओल्या पेट्रोलवर बादलीभर पाणी ओतणं आणि डिझेलच्या डागासाठी नुसत्या काचा उघड्या ठेवणं, या नेहमीच्या दोन चुका.

सोसायटीच्या जनरेटरसाठी आणलेला डिझेलचा कॅन कात्रज घाटाच्या वळणांवर डिकीत आडवा होतो, तिथून सुरुवात करू. डिकीतली चटई, स्टेपनीवरचं झाकण आणि स्टेपनी बाहेर काढा. डिझेल स्टेपनीच्या खळग्यात साचतं आणि वरून काहीच दिसत नाही. खळग्याच्या तळाला बहुधा रबरी बूच असतं. ते काढलंत तर खाली भांडं धरा.

जुनी सुती फडकी किंवा वर्तमानपत्रं डागावर दाबा. घासू नका, घासलं की डाग पसरतो. फडकं कोरडं निघू लागलं की अर्धा किलो खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवा. मुलतानी माती जास्त शोषते, पण फिक्या कापडावर स्वतःचाच डाग सोडते. सकाळी सोडा झाडून काढा. मग लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे घालून फेस करा. कापडाला पाणी नाही, फक्त फेस लावायचा. मऊ ब्रशने चोळा, ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने टिपा. तीन-चार वेळा करावं लागतं. एकदा करून ‘वास जात नाही’ म्हणू नका.

पाणी जपून वापरायचं कारण कार्पेटखालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर. तो एप्रिलच्या पुणेरी उन्हात दिवसभरात सुकेल, पण जुलैमध्ये भिजला तर डिझेलचा वास जाऊन कुबट वास येईल, आणि तो काढणं जास्त कठीण. म्हणून दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी उचकटून कार्पेटचा कोपरा वर करा आणि नमद्यावर टिश्यू दाबून बघा. टिश्यू तेलकट झाला तर वरचं कापड कितीही धुतलं तरी उपयोग नाही. नमद्याचा तेवढा तुकडा कापून नवा टाका.

पेट्रोल सांडलं असेल तर सफाईआधी आग टाळायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती पायांपाशी आणि डिकीत बसून राहते. गाडी बेसमेंटमध्ये नेऊ नका, उघड्यावर ठेवून चारही दारं आणि डिकी उघडा. सिगारेट नको, चार्जर नको. व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको, कारण त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात. टिपून घ्या, सोडा टाका आणि एक-दोन दिवस वारा लागू द्या. उरलेल्या वासापुरता वरचाच फेस वापरा.

शेवटचा मंद वास कोळशाने ओढून घ्यावा. माशांच्या टाक्यांच्या दुकानात सक्रिय कोळसा मिळतो. तो पाव किलो जुन्या सुती मोज्यात भरून सीटखाली आठवडाभर ठेवा. शेगडीचा कोळसा तितकं काम करत नाही. व्हिनेगरने फारसं काही होत नाही आणि परफ्यूमने दोन वास एकत्र होतात, एवढंच. एसी लावल्यावर वास परत येत असेल तर केबिन फिल्टर बदला.

आता कपडे. भिजलेला कपडा लगेच अंगावरून काढा, त्वचा साबणाने धुवा. कपडा थेट मशीनमध्ये टाकू नका. वाफ ड्रममध्ये कोंडते, शिवाय पुढच्या कपड्यांनाही वास लागतो. आधी गॅलरीत वाऱ्यावर टांगा. स्वयंपाकघराला लागून असलेली गॅलरी नको. पेट्रोलला एक दिवस बहुधा पुरतो. मग डागावर भांड्यांचं लिक्विड न मिसळता चोळा, १५ मिनिटं थांबा, आणि अर्ध्या बादली गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा. लोकर-रेशमाला सोडा नको, गरम पाणीही नको. हाताने धुवून सावलीत वाळवा आणि हुंगून बघा. वास पूर्ण जाईपर्यंत मशीनचा ड्रायर नको, इस्त्री नको. इस्त्रीवाल्याकडे तर देऊच नका, त्याची इस्त्री बहुधा कोळशाची किंवा गॅसची असते.

काहीच सांडलेलं नसताना वास येत असेल तर सफाई बाजूला ठेवा. टाकी भरल्यानंतरच येत असेल तर पंपावर नोझल ‘टक’ करून थांबल्यावरही भरून घ्यायची सवय सोडा. जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरतं. शिवाय ४० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं की साधारण अर्धा लिटर फुगतं, त्याला जागा हवी. झाकणाचं रबर चिरलंय का पाहा. स्कूटरच्या झाकणाचं रबर पुण्यात नाना पेठेत सहज मिळतं. मागच्या सीटखालून वास येत असेल तर बऱ्याच गाड्यांत तिथेच असलेल्या फ्युएल पंपाचं सील तपासून घ्या. बॉनेटमधून येत असेल तर गाडी चालवूच नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.

आणि सीएनजीच्या गाडीत सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो पेट्रोलचा नाही. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. गाडी थांबवून इंजिन बंद करा, काचा उघडा, सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि गळती सापडेपर्यंत तो उघडू नका.